व्यसन सुटलं, आता एडीएचडीचं काय? गोळी कोणती, किती आणि कुणाच्या कुलपात

दारू सोडून २ वर्षं झाली होती तेव्हा मला एडीएचडी (लक्ष टिकत नाही, चंचलपणा आवरत नाही असा लहानपणापासूनचा मेंदूचा विकार) असल्याचं कळलं, आणि कळल्यानंतर तिसऱ्याच महिन्यात मी पुन्हा प्यायलो. मध्ये एक गोळी होती. दोष गोळीचा नव्हता. ती मी मिळवली कशी आणि घेतली कशी, याचा होता. पहिल्या डॉक्टरांना मी दारूबद्दल खरं सांगितलं, तर "व्यसन केलेल्या माणसाला मी ही औषधं देत नाही" म्हणून त्यांनी विषय संपवला. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा दारूचा विषयच काढला नाही. चिठ्ठी मिळाली. महिन्याभरात सकाळच्या एका गोळीच्या दोन झाल्या, मग रात्री कोटेशनं पूर्ण करायला तिसरी. झोप येईना, आणि झोप आणायचा मला एकच उपाय पाठ होता.

त्या घसरणीला आता ५ वर्षं झाली. मी सोबर (दारूपासून पूर्ण दूर) आहे आणि एडीएचडीचं औषधही घेतो. नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. मी डॉक्टर नाही. पण व्यसन सोडलेल्यांच्या मिटिंगमध्ये अधूनमधून असा कुणीतरी भेटतोच, ज्याने दारू, गांजा किंवा गर्द सोडलाय आणि ज्याचं डोकं अजून दहा ठिकाणी पळतंय. त्याला चहाच्या टपरीवर तासभर जे सांगतो, ते इथे क्रमाने लिहितो. औषध आणि डोस ठरवायचा तुमच्या मनोविकारतज्ज्ञांनी. तिथपर्यंत पोचायचं कसं आणि पुढे ते निभवायचं कसं, एवढंच माझं सांगणं.

दोन्ही दुखणी एका घरात का राहतात

जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले, तर व्यसनावर उपचार घेणाऱ्यांपैकी साधारण २३ टक्के लोकांना एडीएचडी असतो. मिटिंगच्या गोलात २० जण बसले असतील तर त्यातले चार-पाच. आयुष्यभर त्यांनी "मनावर घेत नाही", "धरसोड आहे" हेच ऐकलेलं असतं. उद्याच्या फायद्यासाठी आत्ताची ओढ थोपवणं या मेंदूला जड जातं, आणि व्यसन नेमकं तिथेच घर करतं.

एडीएचडी तसाच राहिला तर व्यसनाचे उपचारही अर्धवट सुटतात. फॉलो-अपची तारीख विसरते, मिटिंग चुकते, उधारी वाढते, घरात वाद होतात आणि तलफेला आयतं कारण मिळतं. म्हणून "आधी व्यसन पूर्ण जाऊ दे, मग बघू" हा सल्ला मला मान्य नाही. या विषयातल्या निरनिराळ्या देशांच्या तज्ज्ञांनी २०१८ साली एकत्रित मत मांडलं तेही हेच, की दोन्हींचे उपचार जोडीने आणि शक्य तितक्या लवकर सुरू व्हावेत.

पहिली पायरी: निदान, पण योग्य वेळी

दारू किंवा गांजा बंद केल्यावर सुरुवातीचे काही आठवडे कुणाचंच लक्ष लागत नाही. झोप मोडलेली, चिडचिड, विसरभोळेपणा. हे सगळं एडीएचडीसारखंच दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेची ६ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली आहे, ती अनेक ठिकाणी भरून घेतात. ती चाळणी आहे. त्यात अडकलात म्हणजे एडीएचडी ठरला असं नव्हे, विशेषतः व्यसन नुकतंच सुटलं असेल तेव्हा.

खरा निवाडा बालपणात होतो. लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आधीपासून हवीत, म्हणजे बहुतेकांच्या पहिल्या पेगच्या बरीच आधीपासून. मोठ्या माणसात लक्ष न लागण्याच्या ९ लक्षणांपैकी किंवा चंचलतेच्या ९ लक्षणांपैकी निदान ५ हवीत, आणि त्यांचा त्रास घरी, कामावर असा एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवा. माझ्या बाबतीत पुरावा आईच्या पत्र्याच्या पेटीत निघाला. इयत्ता तिसरीचं प्रगतिपुस्तक, शेऱ्याच्या रकान्यात निळ्या शाईने: "हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते. वस्तू हरवतो." ताईला डॉक्टरांनी फोनवर विचारलं तर तिने दोन वर्षांत हरवलेल्या पाच छत्र्यांचा हिशेब दिला. तुमच्याकडेही असं काहीतरी असेल. शोधा, आणि आई, मोठी बहीण किंवा काका, जे कुणी तुम्हाला लहानपणी पाहिलेलं असेल त्यांना सोबत न्या.

एक सावधगिरी. रोज पिणाऱ्याने "निदान नीट व्हावं" म्हणून दारू स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं.

दुसरी पायरी: एक कागद, काही न लपवता

डॉक्टरांसमोर बसल्यावर आपण अर्धं विसरतो आणि उरलेल्यातलं अर्धं झाकतो. म्हणून आदल्या रात्री फुलस्केप कागदावर लिहून काढा. काय काय घेतलं, कधीपासून, किती, शेवटचं कधी. तंबाखू, मावा, सिगारेट हेही त्यात आलं. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, अंगदुखीच्या गोळ्या, सगळं. आसवं आणि अरिष्टं घेत असाल तर तेही लिहा. त्यात अल्कोहोल असतं आणि घरच्यांना ते "आयुर्वेदिक आहे" म्हणून निर्धोक वाटतं. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम किंवा नाल्ट्रेक्सोन चालू असेल तर त्याची स्ट्रिपच सोबत न्या. पूर्वी कधी आकडी, कावीळ, भास होणं, फार उत्साह चढून झोपेविना दिवस काढणं, आत्महत्येचे विचार, घरात कमी वयात हृदयविकार, डोळ्यांत काचबिंदू: यातलं जे असेल ते. ही यादी औषध नाकारलं जावं म्हणून नसते, कुठलं द्यायचं ते तिच्यावर ठरतं.

आणि पहिलं वाक्य पाठ करून जा. मी तिसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा हे म्हणालो होतो: "मला व्यसनाचा इतिहास आहे, मागच्या वेळी मी या गोळ्या जास्त घेतल्या आणि घसरलो. मला उपचार हवा आहे आणि माझ्यावर लक्षही हवं आहे." त्या मॅडमनी पेन खाली ठेवला आणि पाऊण तास ऐकून घेतलं.

असे डॉक्टर कुठे शोधायचे? ज्यांना व्यसन आणि एडीएचडी दोन्हींचा अनुभव आहे असे मनोविकारतज्ज्ञ पाहा. मुंबईत केईएम, नायर, सायन आणि पुण्यात ससून इथे मनोविकार विभाग आहेत. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्येही मनोविकाराची ओपीडी चालते, केसपेपरच्या किरकोळ पैशात. व्यसनमुक्तीचे उपचार घेतले असतील तर तिथल्या समुपदेशकाला विचारा. पुण्याच्या मुक्तांगणसारखी १९८६ पासून चालणारी केंद्रं आपल्याकडे आहेत. काहीच सुचत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. एका दारातून परत पाठवलं तर दुसरं दार ठोठवा, फक्त दुसऱ्या दारात इतिहास लपवू नका. ती चूक मी करून बसलोय.

तिसरी पायरी: औषधांची निवड समजून घ्या

आपल्याकडे मोठ्या माणसांसाठी मुख्य औषधं दोन: अ‍ॅटोमॉक्सेटीन आणि मिथाइलफेनिडेट.

व्यसनाचा इतिहास असेल तर बहुतेक डॉक्टर अ‍ॅटोमॉक्सेटीनपासून सुरुवात करतात. हे उत्तेजक नाही, याने झिंग येत नाही, साठवून ठेवावं असं त्यात काही नाही. मोठ्यांमध्ये साधारणपणे ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून ८० पर्यंत नेतात, कमाल १००. पण याला धीर लागतो. पहिल्या आठवड्यात मळमळ, तोंडाला कोरड, भूक कमी आणि फायदा शून्य. खरा फरक कळायला ४ ते ६ आठवडे, कधी त्याहून जास्त जातात. आपल्यासारख्या लोकांना हीच परीक्षा अवघड, कारण आपल्याला सवय गिळल्यावर पंधरा मिनिटांत फरक पडण्याची. गोळी भरल्या पोटी घेतली तर मळमळ कमी होते. लघवीला अडखळणं, लैंगिक तक्रारी होऊ शकतात; लाज न धरता सांगा, डोस किंवा वेळ बदलता येते. क्वचित यकृताला त्रास होतो, म्हणून पूर्वी दारू भरपूर असेल तर लिव्हरची तपासणी आधी करून घेणं शहाणपणाचं. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सुरुवातीच्या काळात मन फार खचलं किंवा जीव नकोसा वाटला तर तेही लगेच कळवा. फ्लुऑक्सेटीन, पॅरॉक्सेटीन किंवा बुप्रोपियॉन (ही नैराश्यावरची औषधं) चालू असेल तर अ‍ॅटोमॉक्सेटीनचं रक्तातलं प्रमाण चढतं, त्यामुळे डोस वेगळा लागतो.

मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक. इथेच सगळी भीती असते, आणि ती समजून घ्यायला हवी. कोकेन आणि मिथाइलफेनिडेट मेंदूत एकाच दारावर बसतात, डोपामिन (ओढ आणि आनंदाची जाणीव देणारं मेंदूतलं रसायन) परत खेचून घेणाऱ्या दारावर. फरक आहे वेगाचा. कोकेन काही सेकंदा-मिनिटांत मेंदूत घुसतं, म्हणून नशा चढते. मिथाइलफेनिडेट तोंडाने, ठरलेल्या डोसमध्ये घेतलं तर ते हळू चढतं, लक्ष जागेवर येतं पण झिंग येत नाही. डोस वाढवला किंवा गोळीची भुकटी करून ओढली की तेच औषध नशेच्या वाटेला लागतं. म्हणून व्यसनाचा इतिहास असलेल्याला द्यायचंच झालं तर दीर्घकाळ चालणारा प्रकार देतात: सकाळी एक, परिणाम ८ ते १२ तास. साधी गोळी तीन-चार तासांत उतरते, मग दुसरी, मग तिसरी, आणि दर वेळी "आत्ता घेऊ का?" हा प्रश्न स्वतःलाच विचारावा लागतो. तोच प्रश्न मला नडला. तुम्हाला साधी गोळी लिहून दिली असेल तर दीर्घ प्रकाराबद्दल आवर्जून विचारा.

हे औषध आपल्याला कायमचं बंद आहे असं मात्र समजू नका. डॉक्टरांनी नीट चालवलेल्या उपचाराने व्यसन वाढतं, असं स्वीडनमधल्या मोठ्या नोंदींत आढळलेलं नाही. काही महिने सोबर असाल, घरात आधार असेल, अ‍ॅटोमॉक्सेटीनने पुरेसं भागत नसेल, तर हा पर्याय मोकळा आहे. मात्र चालू दारूवर मिथाइलफेनिडेट नकोच. दोन्ही शरीरात मिसळले की औषधाचं प्रमाण वाढतं, आणि प्यायलेल्याला चढल्याचं भान राहत नाही. पूर्वी भास झाले असतील, बायपोलर असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टर फार जपून पाऊल टाकतील आणि ते बरोबरच आहे. सुरू करताना रक्तदाब आणि नाडी मोजून घ्या, पुढेही दर भेटीत.

बुप्रोपियॉनही काही जणांना देतात. तंबाखू सोडायला त्याची मदत होते, पण त्याने आकडीचा धोका वाढतो, त्यामुळे दारू किंवा झोपेच्या गोळ्या नुकत्याच एकदम बंद केल्या असतील तर चालत नाही. मोडाफिनिल (जागं ठेवणारी गोळी) मित्राकडून मिळतं म्हणून घेऊ नका. अमेरिकेतल्या भावाला अ‍ॅडरॉल आणायला सांगू नका. ते अ‍ॅम्फेटामिन आहे, इथे लिहून मिळत नाही, आणि विमानतळावर अडकेल तो भाऊ.

कायद्याचंही थोडं. मिथाइलफेनिडेट आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत येतं आणि १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याच्या कक्षेतही. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत मेडिकलवाला ठेवून घेतो आणि २ वर्षं जपतो. व्हिडिओ कॉलवर हे औषध लिहून देता येत नाही. सगळ्या मेडिकलमध्ये ते मिळतही नाही, म्हणून कुठल्या दुकानात असतं ते डॉक्टरांनाच विचारा आणि संपायच्या आठवडाभर आधी जा. दुकानात संशयाने बघितलं तर वाईट वाटतं, मलाही वाटायचं. आता मला ती दुसरी प्रत आधार वाटते, कारण माझ्या गोळ्यांचा हिशेब माझ्याशिवाय आणखी कुणाकडे तरी आहे. दुबईला कामाला जाणाऱ्यांनी आधीच परवानगी काढावी; तिथले नियम कडक आहेत.

चौथी पायरी: किल्ली दुसऱ्याकडे

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त टाळली जाते तीही हीच.

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय आहे. प्रत्येक तारखेच्या चौकोनात बायको दुधाचा आकडा लिहिते. त्याच चौकोनात खाली कोपऱ्यात आता एक छोटी टिकली असते, ती सकाळच्या गोळीची. स्ट्रिप कपाटाच्या आतल्या लॉकरमध्ये, किल्ली तिच्याकडे. रविवारी जेवणं झाल्यावर ती उरलेल्या गोळ्या मोजते, मी टिकल्या मोजतो, दोन्हींची बेरीज जुळली की सात खणांचा प्लास्टिकचा डबा भरला जातो. पाच मिनिटांचं काम. पहिले सहा महिने डबासुद्धा माझ्या हातात नव्हता. नाश्त्यानंतर ती एक गोळी द्यायची आणि मी तिच्यासमोर घ्यायचो.

यात एक नियम फार जपावा लागतो. मोजणारी व्यक्ती पोलीस होता कामा नये. आकडा जुळला नाही तर वाद घालायचा नाही, झडती घ्यायची नाही. डॉक्टरांना फोन करायचा, एवढंच. हे आम्ही डॉक्टरांच्या समोर बसून ठरवलं, म्हणून नवरा-बायकोचं नातं शाबूत राहिलं. एकटे राहत असाल तर डॉक्टरांना सातच दिवसांची चिठ्ठी मागा, किंवा भाऊ, मित्र, स्पॉन्सर (मिटिंगमधला आपल्याला वाट दाखवणारा जुना साथीदार) यांच्याकडे स्ट्रिप ठेवा. डोस कमी-जास्त करायचा तो डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच, स्वतःच्या मनाने कधी नाही. परीक्षेच्या दिवसांत पुतण्या, भाचा गोळी मागायला येतील. देऊ नका, तो गुन्हा आहे आणि त्या पोराला अपायही.

धोक्याच्या खुणा स्वतःच्या स्वतःला कळतात. शनिवारची गोळी "लागली तर असू दे" म्हणून बाजूला ठेवणं. नवी स्ट्रिप मिळाली की जरा जास्तच बरं वाटणं. एक गोळी हरवली असं खोटं सांगणं. यातलं काही मनात जरी आलं तरी त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

पाचवी पायरी: संध्याकाळचे दोन तास

याबद्दल मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मिथाइलफेनिडेटने दुपारची भूक मरते. आपण जेवत नाही. पाच-सहाच्या सुमाराला गोळी उतरते, डोकं जड होतं, चिडचिड वाढते, आणि पोटात सकाळच्या पोह्यांशिवाय काही नसतं. भुकेलेला, थकलेला, वैतागलेला माणूस, बरोबर पूर्वी बारमध्ये जायच्या वेळेला. माझ्या शॉपपासून घरापर्यंतच्या रस्त्यावर तीन बार आहेत.

त्यावर उपाय साधे आहेत. भूक असो-नसो, दीडला डबा घड्याळाकडे बघून खायचा. साडेपाचला पुन्हा काहीतरी भरपेट, मी दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे खातो. परतीचा रस्ता बदला, जरी लांबचा पडला तरी. मिटिंग सातची निवडा. गोळी उतरताना त्रास फार होत असेल तर डॉक्टर वेळ किंवा प्रकार बदलून देऊ शकतात. दुपारनंतर चहा-कॉफी कमी करा, नाहीतर रात्री झोप उडते आणि जुनं दुष्टचक्र सुरू होतं. घोरत असाल, सकाळी डोकं दुखत असेल तर झोपेतल्या श्वासाची तपासणीही करून घ्या. निम्मा विसरभोळेपणा तिथून येत असेल.

गोळीशिवायचं काम

गोळी लक्ष देते, ते कुठे लावायचं ते शिकवत नाही. मोठ्यांच्या एडीएचडीसाठी खास बेतलेली कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा बोलण्याचा उपचार) असते. मिळाली तर जरूर घ्या. नसेल मिळत तर निदान एवढं करा. एकच डायरी, खिशात मावणारी. मोठ्या कामाचा पहिला तुकडा एवढा लहान की तो १० मिनिटांत होईल: "कोटेशन करणे" असं न लिहिता "ड्रॉइंग काढून टेबलावर ठेवणे" लिहायचं. कंटाळवाण्या कामाला कुणालातरी शेजारी बसवा. जीएसटीची कामं मी शेजारच्या शॉपमधल्या मित्रासमोर बसूनच करतो, तो त्याचं करतो, मी माझं.

पैशाचं मात्र जरा कडक ठेवा. पगार किंवा बिल जमा होण्याचा दिवस आपल्याला जोखमीचा. रोजच्या खर्चाचं खातं वेगळं, त्यावर यूपीआयची मर्यादा कमी. दारू सुटलेला एडीएचडीचा मेंदू चटकन दुसरीकडे वळतो, आणि आजकाल तो ऑप्शन ट्रेडिंगकडे वळलेला मी दोन ओळखीच्या घरांत पाहिलाय. हेही समुपदेशकाला सांगायच्या यादीत घ्या.

मिटिंगमध्ये कुणी बोललं तर

"गोळी घेतोस म्हणजे तू सोबर नाहीस." हे वाक्य मला एका जुन्या, मनाने चांगल्या साथीदाराने ऐकवलं, आणि मी दोन आठवडे औषध बंद केलं होतं. दारू सोडणाऱ्यांची संघटना असलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या स्वतःच्या साहित्यात स्पष्ट म्हटलंय की सभासदाने दुसऱ्याचा डॉक्टर होऊ नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरल्या डोसमध्ये, उघडपणे घेतलेलं औषध उपचारच असतं. सगळ्या गोलाला सांगायची गरज नाही. स्पॉन्सरला मात्र सांगाच, कारण गोळीबद्दल तुमचं वागणं बदललं तर ते ओळखणारं घराबाहेरचं एक माणूस हवं.

घसरलात तर

हे ठरवायचं ते शांत असताना. आमच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, डॉक्टरांनी वाचून दुरुस्त केलेला. प्यायलो तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिथाइलफेनिडेट घ्यायचं नाही. डॉक्टरांना २४ तासांत फोन, खरं प्रमाण सांगून. (तुमचं अ‍ॅटोमॉक्सेटीन असेल तर ते बंद करायचं की नाही हे विचारून घ्या आणि कागदावर लिहा.) स्ट्रिप पूर्णपणे बायकोकडे. रात्र उलटायच्या आत स्पॉन्सरला फोन. छातीत धडधड, भास, आकडी किंवा जीव द्यावासा वाटला तर वाट न पाहता हॉस्पिटल. खाली नंबर: डॉक्टर, स्पॉन्सर, टेलिमानस १४४१६, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

आणि नंबरांच्याही खाली, पेन्सिलने, बायकोच्या अक्षरात: "आधी जेवून घ्या."